घरात काचबिंदू निघाला तर सुरुवात कुठून करायची? कोकणातल्या पेशंट आणि घरच्यांसाठी

घरातल्या कुणाला नुकताच काचबिंदू सांगितलाय आणि हातात एक ड्रॉपची बाटली, एक फाईल आणि पुढच्या तारखेची चिठ्ठी घेऊन तुम्ही घरी आलात, तर हे तुमच्यासाठी लिहितेय. माझ्या आईला काचबिंदू आहे, तिच्या तपासण्यांना सोबत मीच जाते, त्यामुळे वाडीत कुणाला डोळ्याचं काही निघालं की लोक फाईल घेऊन आमच्या पडवीत येऊन बसतात आणि प्रश्न साधारण तेच तेच असतात. मी डॉक्टर नाही, औषध कुठलं आणि ऑपरेशन कधी ते तुमचे डॉक्टरच ठरवणार, पण डॉक्टरांकडे जायच्या आधी आणि जाऊन आल्यावर काय करायचं हे कुणीतरी शांतपणे सांगायला हवं असतं, ओपीडीत तेवढा वेळ नसतो.

एक गोष्ट आधीच सांगते, कारण पुढचं सगळं त्यावरच आहे. काचबिंदूत डोळ्याला काय वाटतंय यावर जायचं नाही. दुखत नाही, लाल होत नाही, समोरचं वाचता येतं, म्हणून सगळं ठीक आहे असं इथे चालत नाही. फाईलीतले आकडे आणि रिपोर्ट काय म्हणतात त्यावर जायचं.

आधी हे समजून घ्या की नक्की झालंय काय

मोतीबिंदू आणि काचबिंदू हे दोन वेगळे आजार आहेत आणि आपल्याकडे निम्मा गोंधळ इथेच होतो. मोतीबिंदूत डोळ्यातली लेन्स धुरकट होते, ती काढून नवीन बसवली की दिसायला लागतं. काचबिंदूत डोळ्यापासून मेंदूकडे जाणारी नस खराब होते, आणि ती नस एकदा गेली की कुठलंही औषध, कुठलंही ऑपरेशन ती परत आणू शकत नाही. त्या नशीत दहा लाखाच्या वर बारीक तंतू असतात आणि ते हळूहळू, वर्षानुवर्षं मरत जातात.

नस का मरते तर बहुतेक वेळा डोळ्यातल्या प्रेशरमुळे. डोळ्याच्या आत एक पातळ पाणी सतत तयार होत असतं आणि बुबुळाच्या कडेला एक जाळी असते तिथून ते बाहेर जात असतं, हे अश्रूंचं पाणी नव्हे, हे आतलं. आता न्हाणीघरातली मोरी तुंबली आणि नळ चालूच राहिला तर जे होतं तेच इथे होतं, पाणी साठतं आणि प्रेशर वाढतं, ते प्रेशर मागच्या नशीवर येतं. साधारण १० ते २१ हे नॉर्मल धरतात, पाऱ्याच्या मिलिमीटरमध्ये मोजतात, पण २१ ही काही लक्ष्मणरेषा नाही. काहींना २४ असून नस ठणठणीत असते आणि काहींना १६ असतानाही नस खराब होत असते, त्याला नॉर्मल टेन्शन ग्लॉकोमा म्हणतात, ग्लॉकोमा म्हणजे काचबिंदूच. आणि हो, या प्रेशरचा बीपीशी गोंधळ करू नका, बीपीची गोळी चालू आहे म्हणून डोळ्याचं प्रेशर कंट्रोलमध्ये आहे असं नसतं.

ती जाळी असते त्या कोपऱ्याला अँगल म्हणतात, आणि त्यावरून याचे मुख्य दोन प्रकार. एक ओपन अँगल, ज्यात जाळी उघडी दिसते पण पाणी नीट जात नाही, हा अगदी चोरपावलांनी येतो. दुसरा अँगल क्लोजर, ज्यात बुबुळाची कड पुढे येऊन जाळीचा रस्ताच बंद करते, हा आपल्या आशियातल्या लोकांत गोऱ्यांपेक्षा जास्त दिसतो. तुमचा कुठला ते फाईलीवर लिहिलेलं असतं, नसेल तर पुढच्या वेळी विचारा, कारण औषधं, लेझर, अगदी सर्दीची गोळी चालेल की नाही हे सुद्धा त्यावर ठरतं.

पेशंटला कळत का नाही? कारण नजर आधी कडेची जाते. मधलं दिसणं शेवटपर्यंत बरं राहतं, पेपर वाचता येतो, सुईत दोरा ओवता येतो, आणि जिथलं दिसत नाही तिथे काळा डाग वगैरे दिसत नाही, मेंदू ती जागा आपल्या मनाने भरून टाकतो. शिवाय एका डोळ्याचं गेलेलं दुसरा डोळा सांभाळून घेतो. म्हणून "माका बरा दिसता, कित्याक जाव डॉक्टराकडे" असं म्हणणारी आजी खोटं बोलत नसते, तिला खरंच बरं दिसत असतं. भारतात चाळिशीच्या वरच्या साधारण १ कोटी १२ लाख लोकांना काचबिंदू असावा असा २०१० चा अंदाज आहे, आणि दक्षिण भारतात गावोगाव जाऊन जे सर्व्हे झाले त्यात दहापैकी नऊहून जास्त पेशंटना तपासणी होईपर्यंत आपल्याला हे आहे याचा पत्ताच नव्हता.

घरच्यांनी मात्र लक्ष ठेवलं तर काही गोष्टी दिसतात. उंबरठ्याला पाय लागणं, जांभ्याच्या पायऱ्या उतरताना चाचपडणं, ताटाच्या कडेची वाटी न दिसणं, बाजूने आलेल्या माणसाला एकदम दचकणं, तिन्हीसांजेला पडवीत वावरताना भिंतीचा आधार घेणं. पण हे दिसायला लागेपर्यंत बरंच नुकसान होऊन गेलेलं असतं, त्यामुळे याची वाट बघू नका.

तपासणी: काय काय व्हायला हवं

चष्म्याच्या दुकानात नंबर काढला म्हणजे काचबिंदू तपासला असं होत नाही. मोतीबिंदूच्या शिबिरात हवेचा फुस्स करून प्रेशर बघितलं, हे सुरुवात म्हणून चांगलं आहे, पण तेवढ्यावर "नाही" म्हणता येत नाही. पूर्ण तपासणीत या गोष्टी येतात आणि प्रत्येकीचा आकडा किंवा रिपोर्ट तुमच्या फाईलीत असायला हवा.

प्रेशर, शक्यतो निळ्या लाईटवाल्या मशीनवर, ज्यात आधी डोळा बधीर करायचा ड्रॉप आणि पिवळा रंग टाकतात. दुखत नाही, फक्त श्वास रोखून धरू नका आणि डोळे घट्ट मिटायला बघू नका, त्याने आकडा वाढलेला येतो. प्रेशर दिवसभरात कमीजास्त होत असतं, म्हणून कधी कधी वेगवेगळ्या वेळेला मोजायला सांगतात आणि किती वाजता मोजलं तेही लिहून ठेवलेलं बरं.

मग कॉर्नियाची, म्हणजे डोळ्यावरच्या पुढच्या पारदर्शक काचेची जाडी, ही एकदाच मोजली तरी बहुतेकांना पुरते. ज्यांचा कॉर्निया पातळ त्यांचं प्रेशर मशीनवर खऱ्यापेक्षा कमी येतं, चष्मा घालवायचं लेझर केलेल्यांचंही तसंच, ते डॉक्टरांना सांगायला विसरू नका.

गोनिओस्कोपी, म्हणजे डोळ्याला छोटी आरशाची लेन्स लावून अँगल उघडा की बंद ते बघणं. ही तपासणी घाईत राहून जाते, आणि हीच नसेल तर प्रकार कुठला हे नक्की ठरत नाही. मी तर सगळ्यांना सांगते की बाकी काही विचारलं नाही तरी चालेल पण "अँगल बघितलात का" एवढं विचाराच.

नस बघणं. यात कप-डिस्क रेशो म्हणून आकडा लिहितात, ०.४, ०.७ असा, म्हणजे नशीच्या तोंडाशी असलेला खळगा त्या तोंडाच्या मानाने किती मोठा. जितका मोठा तितका संशय जास्त, पण काहींचा जन्मतःच मोठा असतो, म्हणून एकाच आकड्यावर घाबरून जाऊ नका. ओसीटी हे नशीच्या आजूबाजूच्या थराचं स्कॅनिंग, त्यात लाल-हिरवं-पिवळं येतं आणि लोक लाल बघून रडायला लागतात. मायनस नंबर मोठा असेल तर आजार नसतानाही लाल येऊ शकतं. डॉक्टर बाकीच्या रिपोर्टला जोडून बघतात, तुम्ही रंगावरून निकाल लावू नका.

आणि फिल्ड टेस्ट, म्हणजे नजरेचा घेर किती आहे ते मोजणं, हिच्यावर थोडं जास्त लिहिते कारण सगळ्यात जास्त त्रास हिचाच होतो. अंधाऱ्या खोलीत मशीनमध्ये हनुवटी ठेवून मधल्या लाईटकडे बघत राहायचं आणि बाजूला कुठेही ठिपका चमकला की बटण दाबायचं. मशीन मुद्दाम इतके अंधुक ठिपके दाखवतं की निरोगी माणसालाही बरेचसे दिसत नाहीत, त्यामुळे "मला काहीच दिसलं नाही" म्हणून पेशंट घामाघूम होतो, विशेषतः म्हातारी माणसं. त्यांना आधीच समजावून न्या की ही परीक्षा नाही, सगळे ठिपके दिसायचेच नसतात, ठिपका शोधायला डोळे फिरवायचे नाहीत, आणि दमलात तर सांगा, टेस्ट मध्ये थांबवता येते. एका डोळ्याला पाच ते दहा मिनिटं लागतात. पहिली टेस्ट बऱ्याचदा खराबच येते कारण सवय नसते, पुन्हा करायला सांगितलं तर पैसे काढतायत असा अर्थ घेऊ नका. मात्र पहाटेच्या एसटीने घाट चढून जाऊन, उपाशीपोटी, उतरल्या उतरल्या टेस्टला बसवू नका. तिथे जाऊन चहा-नाश्ता करून, तासभर बसवून मग आत न्या, रिपोर्टमध्ये फरक पडतो.

बाहुली मोठी करायचा ड्रॉप टाकला की चारसहा तास जवळचं धूसर दिसतं आणि उन्हात डोळे दिपतात. त्या दिवशी पेशंटने स्वतः बाईक चालवत परत यायचं नाही, सोबत कुणीतरी हवंच, आणि टोपी नाहीतर छत्री.

कुठे जायचं

प्रेशर आणि नस बघणं तालुक्याच्या डोळ्यांच्या डॉक्टरकडे होऊन जातं. फिल्डचं मशीन आणि ओसीटी सगळीकडे नसतं, म्हणून निघायच्या आधी फोन करून मशीन चालू आहे का आणि कुठल्या वारी टेस्ट करतात ते विचारा, नाहीतर दिवस फुकट जातो. रत्नागिरी, ओरोस आणि अलिबाग इथे जिल्हा रुग्णालयं आणि आता सरकारी मेडिकल कॉलेजही आहेत. सावंतवाडी-दोडामार्गची माणसं पूर्वीपासून गोव्यात बांबोळीच्या सरकारी हॉस्पिटलला जातात, संगमेश्वर-लांज्याकडची बरीच जण आंबा घाट चढून कोल्हापूरला, आणि मुलं मुंबईत असतील तर जेजे, केईएम आहेतच. माझं मत विचाराल तर पहिली पूर्ण तपासणी मोठ्या ठिकाणी करून घ्या आणि नंतरचं प्रेशर बघणं, ड्रॉप लिहून घेणं जवळच्या डॉक्टरकडे चालू ठेवा. लांबचा डॉक्टर कितीही मोठा असला आणि पावसात रस्ता बंद म्हणून तुम्ही सहा महिने गेलाच नाहीत, तर उपयोग काय?

लेझर, ऑपरेशन महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत बसतं का ते हॉस्पिटलमधल्या आरोग्यमित्राला विचारा, रेशनकार्ड आणि आधार सोबत ठेवा. ड्रॉप दर महिन्याला घ्यायचे असतात आणि महाग पडतात, तर डॉक्टरांनाच स्पष्ट सांगा की एवढं परवडत नाही, जेनेरिक लिहून द्या. बऱ्याच वेळा बदलून मिळतं, आणि जन औषधी केंद्रात चौकशी करा. पैशाच्या लाजेने गुपचूप ड्रॉप बंद करणारी माणसं मी बघितलीत, ते सगळ्यात वाईट.

ड्रॉप चालू झाला, आता पुढे

ड्रॉपने दिसायला सुधारणार नाही. हे घरात सगळ्यांना माहीत पाहिजे, कारण महिनाभर टाकून "काय फरक नाय" म्हणून बाटली फळीवर जाते. ड्रॉपचं काम प्रेशर खाली आणून उरलेली नजर राखणं एवढंच आहे, फरक तुमच्या डोळ्याला जाणवणार नाही, तो फक्त फाईलीतल्या आकड्यात दिसेल. सुरू केल्यावर साधारण दोन ते सहा आठवड्यांनी परत प्रेशर बघायला बोलावतात ते यासाठीच. तेव्हा विचारा, "आमचं टार्गेट किती?" प्रत्येकाचं वेगळं असतं, नस जितकी जास्त खराब तितकं प्रेशर खाली ठेवावं लागतं. तो आकडा फाईलीवर पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात लिहून ठेवा. प्रेशर उतरवल्याचा फायदा होतो का, तर होतो, एका मोठ्या अभ्यासात दर १ एमएम कमी केल्यामागे आजार वाढायची शक्यता साधारण १० टक्क्यांनी कमी झालेली दिसली होती.

ड्रॉप टाकायची पद्धत बघा. हात धुवा. पेशंटला आडवं करा किंवा मान मागे टाकून बसवा. खालची पापणी बोटाने हळूच खाली ओढली की खोबण तयार होते, त्यात एकच थेंब. बाटलीचं टोक डोळ्याला, पापणीला लागता कामा नये. मग डोळा मिटून नाकाकडचा कोपरा बोटाने दोन मिनिटं दाबून धरा, त्याने औषध नाकातून घशात न जाता डोळ्यातच राहतं आणि बाकी शरीरावर परिणामही कमी होतो. दुसरा ड्रॉप असेल तर पाचदहा मिनिटं थांबून, लगेच टाकला तर पहिला वाहून जातो. हात थरथरत असतील तर नातवंडांना शिकवा, आमच्याकडे शेजारची शाळेतली मुलगी आईला टाकते आणि माझ्यापेक्षा नीट टाकते.

लॅटानोप्रोस्टसारखे ड्रॉप रात्री एकदाच असतात. या बाटलीचं एक बघावं लागतं, बऱ्याच कंपन्यांची न उघडलेली बाटली फ्रीजमध्ये ठेवायची असते आणि उघडल्यावर चार ते सहा आठवड्यांत संपवायची असते. मेडिकलमधून घेतली आणि एसटीत तापत घरी आणली, मग मे महिन्याच्या उकाड्यात कौलाखालच्या कपाटात ठेवली, असं करू नका. थर्मासमध्ये किंवा ओल्या फडक्यात गुंडाळून आणा. काही बाटल्या बाहेर ठेवायच्याही मिळतात, जिथे दिवसदिवस लाईट जाते तिथे डॉक्टरांना तशीच लिहून द्यायला सांगा. उघडल्याची तारीख बाटलीवर पेनाने लिहा. आणि जूनच्या आधी एक बाटली जास्तीची आणून ठेवा, पूर आला, दरड पडली की गाडी आठवडाभर येत नाही, ड्रॉपला सुट्टी देऊन चालत नाही.

कुठल्या ड्रॉपने काय होतं ते माहीत असावं. टिमोलॉलने दम्याच्या पेशंटला दम लागू शकतो आणि नाडी मंदावू शकते, त्यामुळे दमा किंवा हृदयाचा त्रास असेल तर तो डोळ्याच्या डॉक्टरांना आधी सांगायचा, त्यांनी विचारलं नाही तरी. लॅटानोप्रोस्टच्या गटातल्यांनी डोळे थोडे लाल होतात, पापण्यांचे केस लांब होतात, पापणीची कातडी काळवंडते. ब्रिमोनिडीनने तोंड सुकतं, झोप येते, काहींना ॲलर्जी येऊन डोळे भयंकर खाजतात, आणि तान्ह्या बाळांना ते अजिबात चालत नाही. डॉर्झोलामाईडने चुरचुरतं आणि तोंड कडू होतं. असिटाझोलामाईडची गोळी दिली तर हातापायाला मुंग्या येतात, लघवी जास्त होते. मुतखडा, किडनीचा त्रास किंवा सल्फाची ॲलर्जी असेल तर ती गोळी घ्यायच्या आधी बोला. त्रास झाला म्हणून मनाने बंद करायचं नाही, फोन करून बदलून घ्यायचं, पर्याय असतात.

तपासणीला जायच्या दिवशीही ड्रॉप टाकूनच जा, नाहीतर तो लागू पडतोय का ते कळणार नाही.

लेझर आणि ऑपरेशन

अँगल बंद होणारा प्रकार असेल तर बुबुळाच्या कडेला लेझरने एक बारीक भोक पाडतात, पाण्याला दुसरी वाट मिळते. बसल्या बसल्या होतं, त्याच दिवशी घरी. ओपन अँगलमध्ये जाळीवर एसएलटी नावाचं लेझर करतात, २०१९ मध्ये इंग्लंडमधल्या मोठ्या अभ्यासाचा निकाल आला आणि त्यानंतर बरेच डॉक्टर ड्रॉपच्या ऐवजी पहिल्यांदा हेच सुचवतात. ज्यांना रोज ड्रॉप टाकायला घरात कुणी नाही, मुलं मुंबईला आणि गावाला दोघंच म्हातारी, त्यांनी याबद्दल नक्की विचारावं. त्याचा असर काही वर्षांनी कमी होऊ शकतो, म्हणून तपासणी सुटत नाही.

ड्रॉप आणि लेझरने भागलं नाही तर ट्रॅबेक्युलेक्टमी, म्हणजे पाण्याला वरच्या पापणीखाली नवीन वाट करून देणं, किंवा ट्यूब बसवणं. या ऑपरेशननंतर नजर वाढत नाही, उलट काही आठवडे धूसर असते. शेजाऱ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन होऊन तो दुसऱ्या दिवशी घड्याळ वाचतोय आणि आपल्या माणसाला काहीच फरक नाही, हे बघून घरचे खचतात, म्हणून आधीच सांगून ठेवा. पहिले काही आठवडे वारंवार दाखवायला जावं लागतं, टाके सोडवायचे असतात, तेव्हा शक्य असेल तर हॉस्पिटलजवळ नातेवाइकांकडे राहायची सोय बघा. डॉक्टर थांबायला हरकत नाही म्हणाले तर भातलावणीच्या दिवसांत ऑपरेशन घेऊ नका, चिखलाचं पाणी डोळ्यात उडणं, वाकून काम, हे सगळं त्या डोळ्याला वाईट. आणि ऑपरेशन होऊन दहा वर्षं झाली तरी तो डोळा कधी लाल झाला, चिकटला, दुखला तर त्याच दिवशी दाखवायचं, मेडिकलचा ड्रॉप आणून बघत बसायचं नाही.

हे झालं तर त्याच क्षणी निघा

एका डोळ्यात एकदम जोरात दुखणं, अर्धं डोकं फुटेल असं ठणकणं, डोळा लालबुंद, धुकं पडल्यासारखं दिसणं, दिव्याभोवती इंद्रधनुष्यासारखी वलयं, आणि उलट्या. हा अँगल क्लोजरचा अटॅक असतो. आपल्याकडे उलटी झाली की "पित्त झालंय" म्हणून कोकमाचं सरबत देऊन झोपवतात, आणि सकाळपर्यंत नस कायमची जाऊ शकते. उलटीसोबत डोळा लाल असेल तर पित्त समजू नका. रात्री गाडी नसेल तर १०८ ला फोन करा, आणि तिथल्या डॉक्टरला पहिल्याच वाक्यात सांगा की डोळा लाल आहे आणि दिसायचं कमी झालंय. ज्यांचा अँगल अरुंद आहे आणि लेझर झालेलं नाही त्यांनी सर्दीच्या, गाडी लागण्याच्या गोळ्या विचारल्याशिवाय घेऊ नयेत, त्यानेही असा अटॅक येऊ शकतो.

काचबिंदूच्या आजूबाजूचे आजार

मोतीबिंदू "पिकू दे मग काढू" हे आपल्या आज्यांच्या डोक्यात पक्कं बसलंय. पूर्वीच्या पद्धतीत ते ठीक होतं, आता पिकायची वाट बघायची गरज नाही, आणि फार पिकलेला मोतीबिंदू फुगून किंवा गळून डोळ्याचं प्रेशर एकदम वाढवतो, मग मोतीबिंदूच्या साध्या ऑपरेशनने सुटलं असतं तिथे नस जाते. अँगल अरुंद असलेल्यांना तर मोतीबिंदू वेळेत काढण्याचा फायदाच होतो, फुगलेली लेन्स निघाली की रस्ता मोकळा होतो.

दुसरं म्हणजे स्टिरॉईड. पावसात डोळे येतात, मेडिकलवाला एक ड्रॉप देतो, दोन दिवसांत डोळा पांढराशुभ्र, मग तीच बाटली घरात कायमची होते आणि जरा खाजलं की टाकली. त्यात डेक्सामेथासोन, प्रेडनिसोलोन किंवा बीटामेथासोन लिहिलंय का बघा. हे महिनोन्महिने टाकून प्रेशर वाढतं आणि कॉलेजात जाणाऱ्या पोरांची नजर जाते. खाजऱ्या डोळ्यांच्या लहान मुलांना तर जास्तच धोका, कारण आईबाप प्रेमाने टाकत राहतात. डॉक्टरांनी लिहून दिलं असेल तर ते जरूर टाका, पण त्यांनी सांगितले तेवढेच दिवस.

शुगरवाल्यांच्या पडद्यावर वाईट रक्तवाहिन्या वाढून त्या अँगलपर्यंत येतात आणि फार त्रासदायक काचबिंदू होतो, म्हणून डायबेटिस असेल तर दरवर्षी पडदा तपासा. डोळ्याला मार लागलेला असेल, विटीदांडू, क्रिकेटचा बॉल, काजूच्या बागेतली फांदी, तर कित्येक वर्षांनी त्या डोळ्याचं प्रेशर वाढू शकतं, जुना मार डॉक्टरांना सांगा. उन्हावाऱ्यात समुद्रावर काम करणाऱ्यांच्या नाकाकडून डोळ्यावर मांस वाढतं, ते वेगळं, तो काचबिंदू नाही, पण त्यासाठी डोळे दाखवायला गेलातच तर प्रेशरही बघून घ्या.

आणि तान्हं बाळ. डोळे टपोरे म्हणून सगळे कौतुक करतात, पण बाळाचे डोळे मोठे दिसतायत, सतत पाणी येतंय, उजेडात तोंड लपवतं आणि बुबुळ निळसर धुरकट दिसतं, तर तो जन्मजात काचबिंदू असू शकतो आणि त्याला लवकरात लवकर ऑपरेशन लागतं. हे एक-दोन महिन्यांनी बघू असं नाही.

मध, दूध, पाल्याचा रस डोळ्यात घालू नका. यातल्या कशानेही प्रेशर उतरत नाही आणि जखम होऊन इन्फेक्शन झालं तर उरलेलंही जातं. चालणं चांगलं, रोज चाला. शीर्षासन आणि डोकं खाली करून केलेली आसनं बंद करा, त्यात प्रेशर दुप्पटही होतं, बाकी योगा करा.

घर आणि नातेवाईक

कडेचं दिसणं कमी झालेलं असेल तर घरात थोडे बदल करून घ्या. जांभ्याच्या पायऱ्यांच्या कडेला पांढऱ्या ऑईलपेंटचा पट्टा मारा, पावसात शेवाळ घासून काढा, पडवीत आणि न्हाणीघराच्या वाटेवर जास्त उजेडाचा बल्ब लावा, विहिरीला कठडा नसेल तर तो आधी बांधा. टेबल-खुर्च्यांची जागा सारखी बदलू नका. गाडी चालवायची की नाही हे फिल्डचा रिपोर्ट दाखवून डॉक्टरांना विचारा, हायवेवर बाजूने येणारी गाडीच दिसली नाही तर दुसऱ्याचाही जीव जातो.

नजर खूप गेली असेल तर दिव्यांग प्रमाणपत्राला अर्ज करा. लोकांना वाटतं अक्षरं वाचता येतात म्हणजे मिळणार नाही, पण २०१६ च्या कायद्यात नजरेचा घेर ४० अंशांपेक्षा कमी असला तरी ती अल्पदृष्टी धरलीय आणि १० अंशांपेक्षा कमी असेल तर अंधत्व. चांगल्या डोळ्याचा फिल्ड रिपोर्ट लागतो, म्हणून तो जपून ठेवा.

शेवटचं काम भावंडांचं आणि मुलांचं. काचबिंदू घराण्यात चालतो, सख्ख्या भावंडांना आणि मुलांना धोका इतरांपेक्षा कित्येक पटीने जास्त असतो. घरात एकाला निघाला की चाळिशीच्या वरच्या प्रत्येकाने पूर्ण तपासणी करायची, दिसत असलं तरी, आणि काही निघालं नाही तरी दर एकदोन वर्षांनी परत. गणपतीला सगळे चाकरमानी गावी येतात, तेव्हा पेशंटच्या फाईलीच्या पहिल्या पानाचा आणि शेवटच्या फिल्ड रिपोर्टचा फोटो फॅमिली ग्रुपवर टाका आणि मुंबईला परतल्यावर कोण कधी दाखवणार ते तिथल्या तिथे ठरवून घ्या. गावातल्या भावंडांचे नंबर चतुर्थीच्या आधीच लावून ठेवा, सणाच्या आठवड्यात ओपीडी बऱ्याच ठिकाणी अर्धा दिवस असते.